तिठ्यावर अडवलेली MH गाडी

गाडी थांबली नाही.

सेल्वमने शिट्टी मारली, हात केला, पुन्हा शिट्टी मारली. पांढरी छोटी गाडी त्याच्या शेजारून सरळ निघून गेली. वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही. मागची पाटी मी वाचली. MH ने सुरू होणारी, म्हणजे महाराष्ट्राची.

मी कुंभकोणमला ट्रॅफिकमध्ये सब-इन्स्पेक्टर आहे. सेल्वम माझा हेड कॉन्स्टेबल. त्या सकाळी आम्ही तिरुप्पनंदाळकडून येणाऱ्या रस्त्यावर, चोळपुरम्‌च्या थोडं अलीकडे, व्हेइकल चेकला उभे होतो. बाहेरच्या राज्याची पाटी दिसली की गाडी बाजूला घ्यायची, हा चेकचा एक भाग. त्यात संशय फारसा नसतो. परमिट आहे का, इन्शुरन्स चालू आहे का, ड्रायव्हर झोपेत तर नाही ना, एवढंच बघायचं. आमचं गाव देवळांचं. कर्नाटक, केरळ, आंध्रच्या गाड्या रोज येतात. बहुतेक लोक काच खाली करतात, कागद दाखवतात, देवळाचा रस्ता विचारतात आणि जातात.

एखादी गाडी थांबली नाही तर आम्ही सिनेमातल्यासारखे मागे धावत नाही. पुढच्या पॉइंटला वायरलेसवर नंबर सांगतो, ते अडवतात. मी वायरलेस हातात घेतला होता. तेवढ्यात समोरच्या चहाच्या दुकानातून दोन मोटारसायकली सुटल्या. चहावाला म्हणाला, मॅडम, मागच्या सीटवर लहान मुलगी होती, रडत होती, पोरांनी बघितलं.

तेव्हा मात्र मी जीपकडे पळाले.

का, ते सांगते. त्या दिवसांत आमच्या भागात फोनवर एक व्हिडिओ फिरत होता. बाहेरच्या पाटीच्या गाडीतून लोक येतात आणि मुलं पळवून नेतात, असं त्यात सांगितलं होतं. व्हिडिओ खोटा होता. आम्ही गावोगाव माइकवर तसं सांगितलं होतं. पण माइकपेक्षा फोन जास्त घरांत पोचतो. ‘पिळ्ळ पिडिक्किरवंग’, म्हणजे मुलं पकडणारे, हा शब्द शाळेच्या फाटकापासून रेशनच्या रांगेपर्यंत सगळीकडे ऐकू येत होता. अशा वेळी परराज्याची पाटी, पोलिसांना न थांबलेली गाडी आणि आत रडणारं मूल, एवढं लोकांना पुरेसं होतं.

पुढच्या तिठ्यावर पोचेपर्यंत गाडी अडवली गेली होती. रस्त्यावर आडवा ट्रॅक्टर, त्याच्यापुढे ती पांढरी गाडी आणि तिच्याभोवती माणसं. बाजूच्या शेतांतून आणखी येतच होती. डावीकडचा आरसा फुटून वायरवर लोंबत होता. गाडीची किल्ली कुणीतरी काढून घेतली होती.

ड्रायव्हरला बाहेर ओढलं होतं. तिशीतला बारीक माणूस, शर्टाचा खांदा फाटलेला. दोघांनी त्याची कॉलर धरली होती. असा पकडलेला माणूस ओरडतो, हात जोडतो, खिशातून कागद काढायला बघतो. हा यातलं काहीच करत नव्हता. तो फक्त प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. एकाकडे, मग दुसऱ्याकडे. घशातून मधेच एक जाड आवाज निघायचा, ज्याचा शब्द होत नव्हता. त्या आवाजाने लोक आणखी चिडत होते. बघा, नाटक करतो, असं कुणीतरी म्हणत होतं.

रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली त्याच्या बायकोला बायकांनी घेरलं होतं. दोघींनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले होते. ती सुटायला बघत होती आणि तीही बोलत नव्हती. मुलगी एका वयस्क बाईच्या कडेवर होती. असेल पाचेक वर्षांची. ती किंचाळून एकच शब्द म्हणत होती, आणि तो शब्द गर्दीतल्या एकालाही कळत नव्हता. ‘आजी’.

लोकांनी आपला अर्थ लावला होता. मुलगी हिला आई म्हणत नाही, दुसऱ्याच कुणाला हाक मारते. हे दोघं नाव सांगत नाहीत, गाव सांगत नाहीत. मग हे कोण, ते उघड आहे.

मी मधे घुसले. सेल्वमने कॉलर धरणाऱ्यांचे हात सोडवले आणि माणसाला गाडीला पाठ लावून उभं केलं, स्वतः त्याच्यापुढे उभा राहिला. मी ओरडून सांगत होते, मागे व्हा, आम्ही तपासतो. आमच्याकडे चलानचं एक मशीन असतं. त्यात गाडीचा नंबर घातला की मालकाचं नाव येतं. ते आलं, विनायक असं काहीतरी. त्याच्या पाकिटातल्या लायसन्सवरही तेच नाव, तोच फोटो. मी तो गर्दीला दाखवला. गाडी त्याची असेल, पोर कुणाचं, असं पुढचा एक जण म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच मशीनमध्ये नसतं.

आम्ही तिघं होतो, जीपच्या ड्रायव्हरसकट. गर्दी शंभरावर गेली असेल. वायरलेसवर मी माणसं मागवली होती, ती यायला वेळ लागणार होता. अशी गर्दी एका क्षणी फिरते आणि मग ती कुणाचंच ऐकत नाही. तो क्षण जवळ आला की पुढचे लोक बोलायचे थांबतात आणि मागचे ढकलायला लागतात. ढकलणं सुरू झालं होतं.

मी त्या मुलीकडे गेले.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमचं घर मराठी. तंजावरला मराठे राज्य करत होते तेव्हा आमचे लोक तिकडून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी तुमच्यासारखी नाही. जुनी आहे, त्यात तमिळ शब्द भरलेले, आणि उच्चार ऐकून महाराष्ट्रातले पाहुणे गालात हसतात. (हे जे तुम्ही वाचताय ते माझ्या पुण्याच्या वहिनीने दुरुस्त केलेलं आहे.) एवढ्या वर्षांच्या नोकरीत युनिफॉर्म घालून मी मराठीचा एक शब्द उच्चारला नव्हता. कधी गरजच पडली नाही. ती भाषा आईशी बोलायची, स्वयंपाकघरात.

मी मुलीच्या तोंडापाशी तोंड नेऊन विचारलं, “कसाला रडतेस? तुझी माय कोठें?”

ती रडायची थांबली. तोंड उघडंच होतं, पण आवाज थांबला. तिने माझ्या टोपीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“माय नाही. आई,” ती म्हणाली.

“बरं. आई कोठें?”

तिने झाडाखालच्या बाईकडे बोट केलं.

“मग ती बोलत कां नाही?”

“तिला ऐकू येत नाही. बाबांना पण नाही.” आणि मग मला काहीच कळत नाही अशा वैतागाने ती म्हणाली, “त्यांनी आईचे हात धरलेत. मग आई कशी बोलणार?”

मी मागे वळून बघितलं. दोन्ही बाजूंनी दोन दणकट बायकांनी तिची मनगटं धरली होती, ती पळून जाऊ नये म्हणून. आतापर्यंत मला ते फक्त धरलेले हात दिसत होते. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, त्यांनी तिचं तोंड दाबून धरलं होतं आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

मी ओरडले, तिचे हात सोडा. तमिळमध्ये, असेल नसेल तेवढ्या आवाजाने. त्या सोडेनात. ती पळेल म्हणाल्या. मी रस्ता ओलांडून गेले आणि एकेकीची बोटं स्वतः सोडवली.

ती पळाली नाही. तिने मनगटंही चोळली नाहीत. सुटलेले दोन्ही हात वर घेतले, गर्दीच्या डोक्यांवरून पलीकडे मुलीकडे बघितलं आणि बोलायला लागली.

मी आयुष्यात तसं काही पाहिलं नव्हतं. मुक्या-बहिऱ्यांच्या खुणा मी बघितल्या होत्या. जेवण, पाणी, किती वाजले, असल्या. ह्या त्या नव्हत्या. बोटं, मनगटं, भुवया, ओठ, खांदे, सगळं एकदम चाललं होतं आणि त्यातलं काहीच वायफळ नव्हतं, हे भाषा न कळणाऱ्यालाही कळत होतं. पलीकडे कडेवरच्या मुलीने नाक ओढलं, त्या म्हाताऱ्या बाईच्या गळ्यातला आपला हात काढला आणि दोन्ही हातांनी उत्तर दिलं. आईने काहीतरी विचारलं. मुलीने मान हलवली, परत हात फिरवले. आई थोडीशी हसली. तेवढ्या गर्दीत, एक आरसा फुटलेला, नवऱ्याचा शर्ट फाटलेला, आणि रस्त्याच्या दोन कडांना त्या दोघी गप्पा मारत होत्या.

गर्दीचा आवाज कमी व्हायला लागला. आधी पुढचे गप्प झाले. मागच्यांना दिसत नव्हतं, ते टाचा उंचावून बघायला लागले आणि बघितल्यावर तेही गप्प झाले. कुणी त्यांना गप्प बसवलं नव्हतं. मी सतरा ठिकाणी बंदोबस्ताला उभी राहिलेली बाई आहे. गर्दी लाठीने पांगते, पावसाने पांगते. पण अशी डोळे वर करून गप्प झालेली गर्दी मी फक्त गाभाऱ्याचा पडदा सरकतो तेव्हा बघितली आहे.

पाच वर्षांच्या मुलाला हे कुणी दोन दिवसांत शिकवू शकत नाही. हे तिथल्या शेतावरच्या माणसालाही समजत होतं. हे दूध पितानाच येतं.

मी मुलीपाशी परत गेले आणि विचारलं, आई काय म्हणाली.

“आई म्हणाली, पोलीसमावशी खूप ओरडल्यात, त्यांचा घसा दुखत असेल. गाडीत पाण्याची बाटली आहे, ती त्यांना दे.”

मी ते लोकांना तमिळमध्ये सांगितलं. सांगताना माझा आवाज खरंच बसला होता. त्या बाईने माझा एक शब्द ऐकला नव्हता. माझ्या गळ्याच्या शिरा बघून तिने ओळखलं होतं.

मुलीला कडेवर घेतलेल्या म्हाताऱ्या बाईने तिला खाली ठेवलं. मुलगी पळत गेली आणि आईला बिलगली. त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. किल्ली माझ्या हातात आली, कुणी दिली ते दिसलं नाही. ट्रॅक्टर बाजूला झाला. ज्या बायकांनी हात धरले होते, त्यांतली एक जवळ आली आणि आपले हात कुठे ठेवावेत हे न कळून पदरात घेऊन उभी राहिली. मुलीच्या आईने, तिचं नाव मेघना, तिच्या खांद्यावर थोपटलं.

मागवलेली माणसं पोचली. सेल्वमने आरसा फोडणाऱ्या आणि कॉलर धरणाऱ्यांची नावं घेतली. मी इन्स्पेक्टर सरांना फोन केला.

दरम्यान मुलीने, जुई तिचं नाव, मला सगळी हकिगत सांगितली होती. ते कोल्हापूरचे. आदल्या रात्री चिदंबरमला मुक्काम केला होता. आज तिरुविसनल्लूरला लग्न होतं. नवरी, कयल, इथलीच, तिलाही ऐकू येत नाही. घरात कुणालाच हातांची भाषा येत नव्हती, म्हणून मोठी होईपर्यंत ती जवळजवळ गप्पच होती. मेघनाने तिला फोनवर व्हिडिओ कॉल करून ती भाषा शिकवली, रोज संध्याकाळी थोडी थोडी. नवराही मेघनानेच ओळखीतून सुचवलेला. मेघना आणि कयल अजून एकदाही प्रत्यक्ष भेटल्या नव्हत्या. आणि जुई सकाळपासून रडत होती ती आजीला घरी ठेवून आल्याबद्दल. आजीशी ती तोंडाने बोलते, आणि इथे आल्यापासून तोंडाने बोलायला कुणी मिळालं नव्हतं.

सर म्हणाले, आधी स्टेशनला आण, जबाब घे. मी म्हटलं, सर, मुहूर्त टळेल. त्यांनी विचारलं, लग्न कुठे. मी सांगितलं.

“तू त्यांच्या गाडीत बस,” ते म्हणाले. “जीप पुढे ठेव. जबाब मांडवात घे.”

तर मी त्या MH गाडीत विनायकच्या शेजारी बसले, मेघना आणि जुई मागे. आम्ही कुंभकोणमची गर्दी टाळून आतल्या रस्त्याने गेलो. केळीच्या बागा, कालव्याचे पूल, समोरून मिनीबस आली की एकाने मातीत उतरायचं, असा तो रस्ता. डावा आरसा गेलेला. खरं सांगायचं तर मी हँडलला धरून बसले होते.

थोड्या वेळाने मी हँडल सोडला आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्याचे डोळे एका जागी राहत नव्हते आणि घाईतही नव्हते. रस्ता, उजवा आरसा, वरचा आरसा, पुन्हा रस्ता. एका वळणापाशी त्याने काही कारण नसताना गाडी डावीकडे घेतली. मागे मला काही दिसत नव्हतं. मग हॉर्न वाजवत एक बस आमच्या उजवीकडून गेली. हॉर्न मी ऐकला तेव्हा तो आधीच बाजूला झाला होता. मी जुईला विचारायला सांगितलं, कसं कळलं. त्याने स्टिअरिंगवरचा एक हात उचलला, थोडं काही केलं आणि परत ठेवला.

“बाबा म्हणतात, त्या दुकानातल्या सगळ्यांनी मान वळवली,” जुई म्हणाली. “मोठी गाडी येते तेव्हा लोक वळून बघतात.”

दुसऱ्यांच्या कानांनी ऐकत तो कोल्हापूरहून इथवर आला होता. आणि आमची शिट्टी का चुकली, तेही कळलं. सेल्वम उभ्या बसच्या आडोशाला होता. त्याचा हात विनायकला दिसला नाही, आणि शिट्टी ऐकून चहाच्या दुकानातल्यांनी माना वळवल्या तोवर गाडी पुढे गेली होती. मागच्या काचेवर बहिरा ड्रायव्हर असल्याचं स्टिकर होतं. दोन राज्यांच्या धुळीने ते झाकून गेलं होतं. लग्नघरापाशी जीपमधून उतरल्यावर सेल्वमने पहिलं काम केलं ते म्हणजे आपल्या रुमालाने ते पुसलं.

तिरुविसनल्लूरच्या त्या गल्लीत शिरलो आणि मी सवयीने पाट्या वाचायला लागले. KA. KL. AP. PY. परत KA. गल्लीच्या दोन्ही बाजूंना परराज्याच्या गाड्या उभ्या होत्या. चेकपोस्टवर आठवड्याला जेवढ्या बघते, त्याहून जास्त. लग्नघरापुढे नादस्वरम् वाजत होतं, नात्यातली म्हातारी माणसं मोठ्याने बोलत होती. पण मांडवात शंभर-दीडशे तरुण माणसं उभी होती आणि ती सगळी एकाच वेळी बोलत होती, आणि त्यांचा आवाज नव्हता. केरळचा मुलगा आंध्रच्या मुलीला काहीतरी सांगत होता आणि ती पोट धरून हसत होती. बंगळूरच्या दोघांचा वाद चालला होता. मी या राज्यात जन्मले. मला पाच मैलांवरच्या माणसाशी मराठी सोडून तमिळ बोलावं लागतं, आणि तेलुगू ड्रायव्हरशी हातवारे करून इंग्रजी. हे लोक चार राज्यांतून येऊन अर्ध्या दिवसात एकमेकांची थट्टा करत होते.

कयल व्यासपीठावर बसली होती. लाल साडी, मान खाली, नजर मात्र दाराकडे. विनायक-मेघना दारात दिसले आणि ती उठून उभी राहिली. भटजी मंत्र म्हणत होते, ते थांबले. मेघनाने दारातूनच हात वर केले. कयलने मेंदी लावलेले हात वर केले. मधे सगळे पाहुणे बसलेले होते, आणि त्यांच्या डोक्यांवरून त्या दोघी बोलत राहिल्या. कयलच्या वडिलांनी भटजींना खुणेने सांगितलं, थांबा. मग माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, “ही पूर्वी अशी उठून कधी कुणाशी बोलली नव्हती. आम्हाला वाटायचं, हिला सांगायचंच काही नसतं.”

मंगळसूत्र बांधायच्या वेळी आमच्याकडे ताविल नावाचा ढोल आणि नादस्वरम् जोरात वाजतं. आजूबाजूला कुणी शिंकलं तरी ऐकू येऊ नये, हा हेतू. भटजींनी बोट केलं, वाद्यं कडाडली, आणि मांडवातले सगळे हात एकदम वर गेले. उघडे तळवे, बोटं थरथरत. त्यांच्या टाळ्या तशा असतात, हे मला नंतर जुईने सांगितलं. दीडशे जोडी हात, वाऱ्यात पानं हलावीत तसे. सेल्वमने टोपी काखेत घेतली आणि आपले दोन्ही हात वर केले. मग मीही केले.

जबाब मांडवातच घेतला. विनायक हातांनी सांगायचा, बंगळूरचा एक मित्र बघायचा, त्याची ऐकू येणारी बहीण मला तमिळमध्ये सांगायची, आणि मी लिहायचे. माझ्या नोकरीतला सगळ्यांत लांब फिरून आलेला आणि सगळ्यांत सरळ जबाब. त्याने कुणाला शिव्या दिल्या नाहीत. परत जाण्याआधी डावा आरसा बसवून मिळावा, एवढं त्याने म्हटलं. तो कुंभकोणमच्या एका मेकॅनिकने त्याच संध्याकाळी बसवला. आरसा फोडणाऱ्यावर आणि कॉलर धरणाऱ्या दोघांवर केस झाली. तिठ्यावरच्या काही बायका दुसऱ्या दिवशी नवरीला बघून गेल्या, असं ऐकलं.

घरी गेल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, त्या पोरीला आमची मराठी कळली का. मी म्हटलं, कळली, पण दुरुस्त करून घेतली.

चेकपोस्टच्या कामात एक बदल मी तेव्हापासून केला. आम्ही परराज्याच्या गाडीला पहिला प्रश्न ‘कुठून आलात’ असा विचारायचो. ते पाटीवर लिहिलेलंच असतं. आता ‘कुठे जायचंय’ असं विचारते. त्याने तपास लवकर होतो, आणि एखाद्या दिवशी केळीच्या पानावर लग्नाचं जेवणही मिळतं.